दूधभाताची शपथ: सातारा आणि कोल्हापूर वेगळे कसे झाले

पुणे-नाशिक रस्त्यावर राजगुरुनगरच्या कोंडीत अडकलात, तर एकदा भीमेच्या पात्राकडे बघा. या गावाचं जुनं नाव खेड. १२ ऑक्टोबर १७०७ रोजी इथे दोन फौजा समोरासमोर आल्या. नवल म्हणजे दोन्ही फौजा मराठ्यांच्याच होत्या. एका बाजूचा राजा पंचवीस वर्षांचा, तर दुसऱ्या बाजूचा अकरा वर्षांचा. दोघेही शिवाजी महाराजांचे सख्खे नातू.

लढाई म्हणावी अशी झालीच नाही. अकरा वर्षांच्या राजाचे सेनापती धनाजी जाधव यांनी ऐनवेळी हात आखडता घेतला आणि ते समोरच्या बाजूला जाऊन मिळाले. त्यांच्याबरोबर आलेले परशुराम त्रिंबक प्रतिनिधी एकटे पडले. ते साताऱ्याकडे निघून गेले. सत्तावीस वर्षं ज्या मराठ्यांना औरंगजेब संपवू शकला नाही, ते त्याच्या मृत्यूनंतर आठ महिन्यांच्या आत आपसांत लढू लागले होते.

घरातल्या अशा भांडणाला मराठीत ‘यादवी’ म्हणतात. द्वारकेच्या यादवांनी एकमेकांवर मुसळासारखं गवत उपसून कुळाचा नाश केला, त्यावरून हा शब्द आला. पण आपली ही यादवी तशी एका दुपारी संपली नाही. चोवीस वर्षं ती धुमसत राहिली आणि तिची राख पुढेही बराच काळ गरम होती. शाळेत ती दोन ओळींत उरकतात: शाहू सुटले, ताराबाईंनी विरोध केला, बाळाजी विश्वनाथ पेशवे झाले. मग लगेच बाजीराव. त्या दोन ओळींमधली जागा भरायचा हा प्रयत्न.

एक खुलासा आधीच करतो. हे शाहू म्हणजे साताऱ्याचे, संभाजी महाराजांचे चिरंजीव. आरक्षण आणि वसतिगृहं म्हटलं की आठवणारे राजर्षी शाहू कोल्हापूरचे, जवळजवळ दोनशे वर्षांनंतरचे. गंमत अशी की ज्या कोल्हापूरच्या गादीने पहिल्या शाहूंशी उभा दावा मांडला, त्याच गादीवर पुढे त्यांच्याच नावाचे राजे बसले.

भांडण नेमकं कशाचं?

मार्च १६८९ मध्ये औरंगजेबाने संभाजी महाराजांना ठार केलं. त्याच वर्षी रायगड पडला. येसूबाई आणि सात वर्षांचे शाहू मोगलांच्या हाती लागले. त्याआधीच राजाराम महाराज रायगडावरून निसटून तमिळ मुलखात जिंजीला पोहोचण्याच्या वाटेला लागले होते. तिथून त्यांनी आठ-नऊ वर्षं राज्य चालवलं, परत आले आणि मार्च १७०० मध्ये सिंहगडावर वारले.

आता गादीवर कोण? थोरल्या घराचा वारस कैदेत. धाकट्या घरात दोन राण्यांची दोन मुलं: ताराबाईंचा शिवाजी, वय चार, आणि राजसबाईंचा संभाजी, वय दोन. ताराबाई हंबीरराव मोहित्यांच्या कन्या. त्यांनी आपल्या मुलाला गादीवर बसवलं आणि कारभार हाती घेतला. पुढची सात वर्षं म्हातारा औरंगजेब स्वतः एकेक किल्ला घेत हिंडत होता, आणि त्याची पाठ फिरली की मराठे तोच किल्ला परत घेत होते. मराठी फौजा नर्मदा ओलांडून माळव्यात शिरू लागल्या त्या याच काळात. एवढं करणाऱ्या बाईला कोणी येऊन म्हणावं, ‘खऱ्या वारसाला जागा द्या’, तर तिने ते का ऐकावं?

ताराबाईंचा युक्तिवाद साधा होता. शिवाजी महाराजांनी मिळवलेलं राज्य संभाजी महाराजांच्या हातून गेलं. आज जे आहे ते माझ्या नवऱ्याने आणि मी नव्याने कमावलेलं आहे. वडिलांनी घालवलेल्या दौलतीवर मुलगा हक्क कसा सांगणार?

शाहूंची बाजू त्याहून साधी होती. थोरल्याचा मुलगा थोरला. काकांनी राज्य सांभाळलं ते कैदेत असलेल्या पुतण्याच्या वतीने. इथे ताराबाईंची खरी अडचण होती. खुद्द राजाराम महाराजांनीच १६९७ च्या एका पत्रात शाहू कधी ना कधी देशी परत येतील आणि मूळ धनी तेच, अशा अर्थाचं लिहून ठेवलं होतं. नवरा स्वतःला विश्वस्त म्हणत होता, बायको मालकी सांगत होती.

मला विचाराल तर कागदावर शाहू बरोबर होते आणि कर्तबगारीवर ताराबाई. अशा वेळी निकाल न्यायाधीश देत नाहीत, ज्यांच्याकडे घोडी आणि माणसं असतात ते देतात.

शत्रूने सोडलेला राजा

औरंगजेब १७०७ मध्ये अहमदनगरला वारला. त्याचा मुलगा आझमशहा तख्तासाठी उत्तरेकडे धावला, आणि शाहू अर्थातच त्याच्या छावणीबरोबर. झुल्फिकारखानाने, म्हणजे ज्याने रायगड घेतला त्यानेच, आझमला सुचवलं की शाहूला आता सोडा. हेतू उघड होता. शाहू दक्षिणेत गेले की मराठे आपसांत गुंततील आणि आपली पाठ मोकळी होईल. मे १७०७ मध्ये भोपाळजवळ दोराहा इथून शाहू सुटले. ओलीस म्हणून येसूबाई, शाहूंची पत्नी आणि सावत्र भाऊ मदनसिंग मोगलांकडेच राहिले. आझम पुढच्याच महिन्यात जाजऊच्या लढाईत मारला गेला, पण त्याने पेरलेलं उगवायचं राहिलं नाही.

शाहू खानदेशात उतरले तेव्हा बरोबर फारशी माणसं नव्हती. परसोजी भोसले, नेमाजी शिंदे, हैबतराव निंबाळकर असे एकेक सरदार येऊन मिळाले तसा जमाव वाढत गेला. वाटेत पारद नावाच्या गावी तिथल्या पाटलाने वाट अडवली. चकमक झाली, पाटील मारला गेला. त्याच्या विधवेने आपलं तान्हं मूल आणून शाहूंच्या पालखीत टाकलं, असं सांगतात. शाहूंनी ते वाढवलं. पहिली फत्ते म्हणून नाव ठेवलं फत्तेसिंह. हेच अक्कलकोटच्या भोसले घराण्याचे मूळपुरुष. स्वामी समर्थांच्या दर्शनाला आपण ज्या अक्कलकोटला जातो, तिथलं संस्थान असं या यादवीच्या पहिल्या चकमकीतून निघालं.

याच प्रवासात शाहू खुलताबादला औरंगजेबाच्या कबरीवरही जाऊन आले. बापाला मारणाऱ्याच्या कबरीवर? आज हे वाचून अनेकांच्या कपाळावर आठी पडते. पण सात ते पंचवीस, अठरा वर्षं हा माणूस त्या छावणीत वाढला होता. बादशहाची मुलगी झीनतुन्निसा हिने त्यांच्यावर माया केली होती. माझ्या मते शाहूंचा पुढचा अख्खा स्वभाव, म्हणजे टोकाला न जाणं, दिल्लीचं तख्त मोडण्यापेक्षा त्याच्याकडून सनद घेणं, या छावणीतूनच आलेला आहे.

तोतया की खरा?

ताराबाईंनी पहिला डाव टाकला तो ओळखीचा. आलेला माणूस शाहू नाहीच, मोगलांनी पाठवलेला तोतया आहे. हे ऐकायला पोरकट वाटतं, पण विचार करा. सात वर्षांचं पोर गेलं, पंचवीस वर्षांचा पुरुष आला. ना फोटो, ना आधार कार्ड. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंच्या तोतयाने पेशवाईला किती वर्षं छळलं ते आठवलं, की शंका एवढी उडवून लावण्यासारखी नव्हती हे कळतं.

म्हणून माणूस पाठवला गेला: खंडो बल्लाळ चिटणीस. संभाजी महाराजांच्या दरबारात वाढलेला, घरातलं सगळं ठाऊक असलेला. तो भेटून आला आणि म्हणाला, हे खरेच शाहू आहेत. धनाजींचं मन तिथेच फिरलं.

ताराबाईंनी दुसरा डाव टाकला. प्रमुख सरदारांना दूधभातावर हात ठेवून आपल्या मुलाशी इमान राखण्याची शपथ घ्यायला लावली. दूधभात म्हणजे पोराबाळांचं अन्न. त्यावर हात ठेवून खोटं बोलणं म्हणजे आपल्याच लेकरांवर पाणी सोडणं. त्या काळात याहून घट्ट करार नव्हता. धनाजींनीही शपथ घेतली होती. खेडला भीमेच्या काठी तिचं काय झालं ते आपण पाहिलंच.

सगळ्यांना ते इतकं सहज जमलं नाही. शंकराजी नारायण सचिव हे राजाराम महाराजांच्या काळात मावळ राखणारे खंदे कारभारी. शपथ ताराबाईंना दिलेली, आणि समोर खरा धनी उभा. शाहूंकडे जावं तर शपथ मोडते, न जावं तर धन्याशी द्रोह होतो. त्यांनी जीव दिला. या सगळ्या धामधुमीत मला सर्वांत जास्त हेच थांबवतं. बाकीचे बाजू बदलत होते, भाव करत होते. एका माणसाने शब्द आणि धनी या दोन्हींचा मान राखायचा म्हणून तिसरी वाट घेतली.

परशुरामपंत प्रतिनिधी मात्र शपथेला धरून राहिले. साताऱ्याचा अजिंक्यतारा त्यांनी लढवला. वेढा लांबला तेव्हा शाहूंनी किल्ल्यावरच्या शेख मिरा या सरदाराचं कुटुंब वाईहून पकडून आणवलं आणि किल्ला दिला नाहीस तर यांना तोफेच्या तोंडी देईन असा निरोप वर पाठवला. शेख मिराने प्रतिनिधींनाच कैद करून दरवाजा उघडला. दयाळू म्हणून ओळखल्या जाणाऱ्या राजाची ही सुरुवात. १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यात शाहूंचा राज्याभिषेक झाला. ताराबाई दक्षिणेला सरकल्या, पन्हाळाही काही काळ गेला, पण त्यांनी तो परत मिळवला. पन्हाळा-कोल्हापूर ही त्यांची राजधानी झाली.

आता दोन छत्रपती. १७०९ मध्ये दोघांचेही वकील नव्या बादशहाकडे, बहादूरशहाकडे, सरदेशमुखीची, म्हणजे मुलखाच्या वसुलीवरच्या दहा टक्के हक्काची, सनद मागायला गेले. वजीर मुनीमखान ताराबाईंच्या बाजूचा, झुल्फिकारखान शाहूंच्या. बादशहाने दोघांनाही वाटेला लावलं: आधी आपसांत लढून काय ते ठरवा, जो जिंकेल त्याला सनद. झुल्फिकारखानाने दोन वर्षांपूर्वी जे मनात योजलं होतं, ते बादशहा आता तोंडावर सांगत होता.

राजे दोन झाले की सरदाराचा भाव वाढतो

इथे जरा थांबून पैशाचं गणित समजून घेऊ. त्याशिवाय पुढचं सगळं नुसतं फितुरीची यादी वाटेल.

शिवाजी महाराजांचा कल लष्कराला रोख पगार देण्याकडे होता. ज्याचा पगार खजिन्यातून येतो, तो खजिन्याच्या मालकाशी बांधलेला राहतो. पण राजाराम महाराज जिंजीत अडकले तेव्हा खजिनाच नव्हता. उलट औरंगजेब फुटणाऱ्या मराठ्याला मनसब आणि जहागिरी देत होता. त्याला तोडीस तोड म्हणून जिंजीच्या दरबारातून कागद निघू लागले: अमुक मुलूख मोगलांकडून सोडवा, त्याचं उत्पन्न तुमच्या फौजेच्या खर्चासाठी तुमचं. याला सरंजाम म्हणतात. वतन पिढीजात, तर सरंजाम नोकरीपुरता, असा फरक. पण सरंजाम एकदा घरात आला की तो परत मागायला जायची हिंमत कोणाची?

या पद्धतीने राज्य वाचलं हे खरं आहे. पण त्यामुळे सरदाराचं पोट राजाच्या खजिन्यावरून उठून स्वतःच्या मुलखावर गेलं. १७०७ पर्यंत निदान कागदावर शिक्का मारणारा राजा एकच होता. आता दोन झाले. साताऱ्याने कमी दिलं तर कोल्हापूरला जा, कोल्हापूरने आखडतं घेतलं तर निजाम आहेच. एका घरातले दोघे दोन बाजूंना, ही तर सोयच झाली. परशुरामपंतांचाच एक मुलगा कृष्णाजी कोल्हापूरचा, विशाळगडचा प्रतिनिधी. दुसरा श्रीपतराव शाहूंचा प्रतिनिधी. कोणीही जिंको, घर उपाशी राहत नाही.

धनाजी जून १७०८ मध्ये वारले. त्यांचा मुलगा चंद्रसेन सेनापती झाला, पण त्याचं मन ताराबाईंकडे होतं. त्यात धनाजींच्या हाताखाली वसुलीचं काम पाहिलेला बाळाजी विश्वनाथ नावाचा कोकणी कारभारी शाहूंच्या मर्जीत चढलेला, हे त्याच्या डोळ्यांत सलत होतं. १७११ मध्ये शिकारीत निसटलेल्या एका हरणावरून भांडण पेटलं, अशी गोष्ट सांगतात. हरीण निमित्त. चंद्रसेन बाळाजींच्या जिवावर उठला, बाळाजींनी पळून आसरा घेतला, चंद्रसेनाचा पराभव झाला आणि तो ताराबाईंकडे व तिथून निजामाकडे गेला. निजामाने त्याला भालकीची जहागीर दिली. सेनापतीच गेला म्हणजे निम्मी फौज गेली. शाहूंची सर्वांत वाईट वर्षं ती हीच. त्यांचं राज्य त्या वेळी साताऱ्याच्या आसपासच्या थोड्या मुलखापुरतं उरलं होतं, म्हटलं तरी चालेल.

असा काळ पुंडांना फार मानवतो. दमाजी थोरात त्यांतला एक. त्याने बाळाजी विश्वनाथांना बोलणी करायला म्हणून हिंगणगावला बोलावलं. बेलभंडार उचलून अभय दिलं, आणि आत येताच बाळाजींना कुटुंबासकट कैद केलं. शपथेची आठवण करून दिली तेव्हा दमाजी म्हणाला त्याचा मतलब असा: बेल म्हणजे झाडाचं पान आणि भंडार म्हणजे हळद, ती तर आपण रोजच खातो. खंडणी येईपर्यंत तोंडाला राखेचे तोबरे बांधायची धमकीही दिली. शेवटी शाहूंनी पैसे मोजले. शंकराजींनी ज्या शपथेपायी प्राण दिला, तिची किंमत काही वर्षांतच हळदीएवढी झाली होती.

मग बाळाजी विश्वनाथांनी काय केलं? इमानाचा घोष केला नाही. सावकारांकडून पैसा उभा केला, फौज जमवली आणि प्रत्येक सरदाराशी त्याच्या भाषेत, म्हणजे उत्पन्नाच्या भाषेत बोलणी केली. त्यांचं सर्वांत मोठं काम कान्होजी आंग्र्यांचं. आंग्रे ताराबाईंच्या बाजूचे. १७१३ मध्ये त्यांनी घाट चढून लोहगड घेतला, शाहूंचे पेशवे बहिरोपंत पिंगळे यांनाच पकडून ठेवलं. आता साताऱ्यावर चाल येते की काय अशी वेळ. १७ नोव्हेंबर १७१३ रोजी पुण्याजवळ मांजरीच्या मुक्कामी शाहूंनी बाळाजींना पेशवाईची वस्त्रं दिली आणि आंग्र्यांकडे पाठवलं. १७१४ च्या सुरुवातीला लोणावळ्याला दोघे भेटले. कान्होजींचं सरखेलपद, म्हणजे आरमाराचं प्रमुखपद, किनारपट्टी आणि किल्ले त्यांच्याकडेच. त्यांनी फक्त शाहूंना छत्रपती मानायचं. पिंगळे सुटले. एकही तोफ न उडवता ताराबाईंचं आरमार गेलं.

त्याच १७१४ मध्ये ताराबाईंवर घरातूनच घाव बसला. पन्हाळ्यावर सवत राजसबाई आणि तिचा मुलगा संभाजी यांनी उठाव करून ताराबाई व त्यांचा मुलगा शिवाजी यांना कैद केलं. थोरल्या घराचा हक्क ज्यांनी मानला नाही, त्यांच्या घरात धाकट्याने थोरल्याला तेच उत्तर दिलं. हा शिवाजी कैदेतच वारला. कोल्हापूरच्या गादीवर आता राजसबाईंचा संभाजी होता. तो १७६० पर्यंत राहिला.

शंभरातले सहासष्ट

शाहूंना खरा हक्काचा शिक्का मिळाला तो मैदानात नव्हे, दिल्लीत. बादशहा फर्रुखसियर आणि दरबारातले बलाढ्य सरदार सय्यद बंधू यांचं बिनसलं होतं. सय्यद हुसेन अलीला फौज हवी होती. १७१८ मध्ये करार झाला, आणि १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ मराठी फौजेसह त्याच्याबरोबर दिल्लीला गेले. फर्रुखसियर गेला, नवा बादशहा आला आणि सनदा मिळाल्या: शिवाजी महाराजांच्या वेळचं स्वराज्य, आणि दक्षिणेच्या सहा सुभ्यांत चौथाई व सरदेशमुखी. येसूबाई तीस वर्षांच्या कैदेनंतर त्याच वर्षी साताऱ्याला परतल्या.

चौथाई म्हणजे मुलखाच्या वसुलीचा चौथा हिस्सा, सरदेशमुखी म्हणजे वर दहा टक्के. सरदेशमुखी राजाची. चौथाईची वाटणी मात्र बघण्यासारखी आहे. चौथाईचे शंभर रुपये आले तर पंचवीस राजबाबती म्हणून छत्रपतींचे. सहा साहोत्रा म्हणून सचिवांचे. तीन नाडगौडा, ते राजा देईल त्याला. उरलेले सहासष्ट, ज्याला मोकासा म्हणत, सरदारांचे. वर एकाच मुलखातली वसुली अशी गुंफलेली की कोणालाही एकट्याने सगळं लाटता येऊ नये.

या वाटणीवर दोन तट आहेत. काही म्हणतात, यातूनच मराठे अटकेपर्यंत गेले, कारण प्रत्येक सरदाराला पुढे जाण्यात फायदा होता. काही म्हणतात, यातूनच राज्य विस्कळित झालं. मला दोन्ही एकच वाक्य वाटतं. बाळाजींनी सरदारांना बांधायला दूधभात वापरला नाही, मोकासा वापरला. तो दोर टिकला, पण त्याचं दुसरं टोक राजाच्या हातात नव्हतं, पेशव्यांच्या दप्तरात होतं.

वारणेचं पाणी

पुढचं झपाट्याने सांगतो. १७२७ मध्ये निजामाने साळसूदपणे विचारलं, चौथाई द्यायला मी तयार आहे, पण छत्रपती दोन. खरा कोण ते आधी ठरवा. कोल्हापूरचे संभाजी त्याच्या गोटात जाऊन बसले. पहिल्या बाजीरावांनी फेब्रुवारी १७२८ मध्ये पालखेडजवळ निजामाला पाण्यावाचून कोंडलं, आणि मार्चमध्ये मुंगी-शेवगावच्या तहात त्याने शाहूंचा हक्क मानला. पालखेड आपण घोडदळाची करामत म्हणून वाचतो. ती या यादवीतलीही एक लढाई होती.

१७३० मध्ये शाहूंच्या फौजेने वारणेच्या काठी कोल्हापूरकरांचा तळ उधळला. कैद्यांमध्ये राजसबाई होत्या आणि पन्हाळ्यावर सोळा वर्षं कैदेत काढलेल्या ताराबाईही. शाहूंनी कोल्हापूरच्या बायकांना मानाने परत पाठवायची तयारी केली. ताराबाई म्हणाल्या, तिथेही कैद, इथेही कैद. मी इथेच राहते. त्या साताऱ्याला राहिल्या. हे वाक्य दमल्याभागल्या म्हातारीचं आहे असं तेव्हा कोणालाही वाटलं असतं.

१३ एप्रिल १७३१ रोजी वारणेचा तह झाला. दोघे चुलत भाऊ त्याआधी कऱ्हाडजवळ थाटामाटात भेटले. वारणेच्या दक्षिणेचा, तुंगभद्रेपर्यंतचा मुलूख कोल्हापूरचा. तुंगभद्रेपलीकडे जे जिंकू ते निम्मं निम्मं. एकाच्या चाकराने दुसऱ्याकडे चाकरी करायची नाही. हे शेवटचं कलम सर्वांत बोलकं. चोवीस वर्षांचं दुखणं नेमकं कुठे होतं ते दोघांनाही कळलं होतं. आज सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांच्या मधून वाहणारी वारणा तेव्हा दोन छत्रपतींमधली हद्द झाली.

ताराबाईंचा तिसरा डाव

शाहू १५ डिसेंबर १७४९ रोजी वारले. मुलगा नाही. साताऱ्याला एकोणीस वर्षं राहिलेल्या, पंचाहत्तरीला आलेल्या ताराबाईंनी त्याआधीच सांगून ठेवलं होतं: माझ्या शिवाजीचा एक मुलगा आहे, राजसबाईच्या भीतीने मी त्याला लपवून वाढवला. तो रामराजा १७५० मध्ये गादीवर आला. म्हणजे ज्या शाहूंना त्यांनी तोतया म्हटलं, त्यांच्याच गादीवर त्यांचा नातू.

ताराबाईंना वाटलं आता राज्य आपल्या सल्ल्याने चालेल. पण नानासाहेब पेशव्यांनी सांगोल्याला रामराजाकडून कारभाराची सगळी सूत्रं लिहून घेतली. नोव्हेंबर १७५० मध्ये रामराजाने पेशव्यांना काढायला नकार देताच ताराबाईंनी स्वतःच्या नातवाला अजिंक्यताऱ्यावर कैद केलं आणि जाहीर केलं की हा नातू नाहीच, गोंधळ्याचं पोर आहे. पुन्हा तोतयाच.

त्यांनी गुजरातेतून दमाजी गायकवाडांना बोलावलं. गायकवाड आले, एक लढाई जिंकले, मग वेण्णेच्या काठी हरले आणि कैद झाले. पेशव्यांनी वचन मोडून छावणीवर घाला घातला, म्हणून दमाजींनी पुढे त्यांना कायम डाव्या हाताने मुजरा केला, अशी आख्यायिका आहे.

सप्टेंबर १७५२ मध्ये ताराबाई आणि नानासाहेब जेजुरीच्या खंडोबासमोर उभे राहिले. एकमेकांना सांभाळून घेण्याच्या आणाभाका झाल्या. तिथेच ताराबाईंनी देवासमोर शपथेवर सांगितलं की रामराजा माझा नातू नाही. पेशव्यांनी ते ऐकून घेतलं. नातू खरा की खोटा याच्याशी त्यांना आता कर्तव्य नव्हतं. रामराजा छत्रपती राहिला, कैदेतही राहिला. किल्ला ताराबाईंकडे, कारभार पुण्याकडे.

जानेवारी १७६१ मध्ये पानिपत झालं. जूनमध्ये नानासाहेब पर्वतीवर वारले. ताराबाई डिसेंबरपर्यंत होत्या. साताऱ्याबाहेर माहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या संगमावर त्यांची समाधी आहे. तिथेच शाहूंची आहे, आणि शाहूंच्या लाडक्या खंड्या कुत्र्याचंही स्मारक आहे. कुत्र्याचं लोक पटकन दाखवतात. ताराबाईंची समाधी कुठे हे मी विचारलं, तेव्हा दोघांनी दोन वेगवेगळ्या दिशांना बोट दाखवलं.